इंग्रजी वाङ्मय व आधुनिक भाषा : जोड-अभ्यासातील सांधा

विद्यापीठात इंग्रजी वाङ्मयाच्या जोडीने एखादी आधुनिक भाषा अभ्यासावी काय, आणि अभ्यासावयाची तर कशासाठी, हा प्रश्न अभ्यासक्रमाची फेररचना होते त्या त्या वेळी पुढे येतो. त्याला दिली जाणारी उत्तरे सामान्यतः दोन प्रकारची असतात. एक व्यवहाराचे : दुसरी भाषा आली म्हणजे नोकरीचे क्षेत्र विस्तारते. दुसरे संस्कृतीचे : दोन वाङ्मये वाचणाऱ्याची दृष्टी एक वाचणाऱ्यापेक्षा व्यापक होते. दोन्ही उत्तरे खोटी नाहीत. परंतु ती अपुरी आहेत. पहिल्याचा वाङ्मयाशी संबंध नाही आणि दुसरे इतके सैल आहे की, ते भूगोलाच्या किंवा संगीताच्या अभ्यासालाही तितकेच लागू पडते. इंग्रजी वाङ्मयाच्या आकलनालाच आधुनिक भाषेची गरज आहे, असे दाखविता आले तरच या जोड-अभ्यासाला ज्ञानदृष्ट्या आधार मिळेल. ती गरज खरोखरीच आहे, आणि आपले आजचे अभ्यासक्रम तिची दखल घेत नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते येथे दोन उदाहरणांच्या आधारे मांडावयाचे आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहिला पाहिजे. कारण इंग्रजी वाङ्मय व आधुनिक भाषा ही जोडी आपण समजतो तितकी नवी नाही. १८२८ साली लंडनच्या आजच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अध्यापन सुरू झाले, तेव्हा इंग्रजी आणि युरोपातील इतर आधुनिक भाषा यांना एकाच वेळी स्थान मिळाले. केंब्रिजला मध्ययुगीन व आधुनिक भाषांची ट्रायपॉस परीक्षा १८८६ साली प्रथम घेण्यात आली. तीत फ्रेंच व जर्मन यांच्याबरोबर इंग्रजीही होती. म्हणजे तेथे इंग्रजी ही इतर आधुनिक भाषांसारखीच एक आधुनिक भाषा गणली गेली होती; इंग्रजीची स्वतंत्र ट्रायपॉस १९१७ साली निघाली. ऑक्सफर्डला इंग्रजीसह आधुनिक भाषांचे एकच विद्यालय स्थापन करण्याचा प्रस्ताव १८८७ साली पुढे आला, पण तो मान्य झाला नाही. पुढे इंग्रजीचे विद्यालय १८९४ मध्ये आणि आधुनिक भाषांचे १९०३ मध्ये, अशी दोन वेगळी घरे तेथे बांधली गेली.

ऑक्सफर्डच्या त्या वादात इतिहासकार एडवर्ड फ्रीमन यांनी घेतलेला आक्षेप प्रसिद्ध आहे. भाषेच्या अभ्यासापासून वाङ्मय तोडले तर त्यातून कवींविषयीच्या गप्पांपलीकडे काही निष्पन्न होणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. तिच्यातील उपरोध बाजूला ठेवला तरी एक गोष्ट शिल्लक राहते. वाङ्मयाच्या अभ्यासाला कसोटी लागते, आणि ती कोठून तरी आणावी लागते. फ्रीमन यांना ती जुन्या भाषाशास्त्रात दिसत होती. आज आपल्याला ती अधिक जवळ, जिवंत भाषांच्या तुलनेत, सापडू शकेल.

पुढे इंग्लंडातील विद्यापीठांनी ही दोन घरे जोडणारे अभ्यासक्रम काढले. ऑक्सफर्डचा 'इंग्रजी व आधुनिक भाषा' हा पदवीचा अभ्यासक्रम आज चार वर्षांचा आहे. त्यांपैकी एक वर्ष विद्यार्थी सामान्यतः आपल्या परभाषेच्या प्रदेशात घालवितो. परभाषेत आणि परभाषेतून भाषांतर करण्याचा सराव तेथील भाषाशिक्षणाचे जुने अंग आहे. ही व्यवस्था निःसंशय चांगली. तथापि अशा कोणत्याही जोड अभ्यासक्रमाच्या नावातील 'व' हे अव्यय नेमके काय जोडते, हे विचारले पाहिजे. सोमवारी शेक्सपिअर आणि गुरुवारी रासीन वाचला, एवढ्याने जोड सिद्ध होत नाही. दोन नद्या एकाच जिल्ह्यातून वाहतात म्हणून त्यांचा संगम झाला असे कोणी म्हणत नाही.

संगम कोठे होऊ शकतो, हे पाहण्यासाठी पहिले उदाहरण द्वितीयपुरुषी सर्वनामांचे घेऊ.

आजच्या इंग्रजीत समोरच्या माणसाला उद्देशून 'यू' हे एकच सर्वनाम आहे. शेक्सपिअरच्या काळी त्याच्या जोडीला एकवचनी 'दाऊ' होते. शब्दकोश हे सांगतो, शिक्षकही सांगतात आणि विद्यार्थी ते टिपून घेतो. परंतु त्याच्या कानाला ते ऐकू येत नाही. उलट 'दाऊ' प्रार्थनेत आणि १६११ च्या बायबलाच्या भाषांतरात टिकून राहिल्यामुळे आजच्या वाचकाला ते अधिक भारदस्त, अधिक आदराचे वाटते. म्हणजे अर्थ नुसता पुसट होत नाही, तो उलटा होतो. ज्याला केवळ इंग्रजी येते, तो या ठिकाणी इंग्रजी वाङ्मय चुकीचे वाचतो.

'किंग लिअर' या नाटकाचा पहिला प्रवेश पाहावा. राजा थोरल्या दोन मुलींना राज्याचे भाग देतो तेव्हा त्यांना एकवचनी सर्वनामाने संबोधितो. सर्वांत लाडक्या कॉर्डीलियाकडे वळताना मात्र तो 'यू' वापरतो. तिचे पहिले उत्तर त्याला रुचत नाही, तरीही पहिल्या इशाऱ्यापर्यंत 'यू' कायम राहते. त्यानंतर, तिच्या मनातही हेच आहे काय, असे तो विचारतो आणि तेथे सर्वनाम बदलते. शाप व त्याग हे पुढे येतात. पण बाप आणि मुलगी यांच्यातील अंतर त्या एका शब्दात आधीच पडलेले असते. त्याच प्रवेशात केंट राजाची बाजू सावरण्यासाठी मध्ये पडतो. प्रथम तो राजाला, राजनिष्ठ सेवकाने बोलावे तसे, पदवी आणि सन्मान यांसह बोलतो. त्याचे कोणी ऐकत नाही असे दिसताच तो आपल्या राजाला 'दाऊ' म्हणतो आणि म्हातारा म्हणतो. भर दरबारात राजाला एकेरी हाक मारण्याचे धाडस केंटने केले आहे, हे ज्याच्या ध्यानात येत नाही, त्याला त्यानंतरच्या हद्दपारीच्या शिक्षेचा भडका अकारण वाटेल.

आता हाच विद्यार्थी फ्रेंच शिकत आहे अशी कल्पना करू. 'त्यू' आणि 'व्हू' यांतील भेद त्याला पहिल्याच वर्षी शिकावा लागतो. कारण तो चुकला तर समोरचा माणूस दुखावतो. पुढे तो रासीनचे 'फेद्र' (१६७७) हे नाटक हाती घेतो. दुसऱ्या अंकात राणी फेद्र आपल्या सावत्र मुलाशी बोलत असते. ती सारा वेळ 'व्हू' म्हणते, शब्दांच्या आडोशाने आपली अभिलाषा सुचविते आणि ती ओळखली गेल्याचे कळताच तिच्या तोंडून 'त्यू' निघते. तेथून पुढे परतीची वाट नाही. सारी शोकांतिका त्या एका पायरीवरून खाली उतरते. आजच्या इंग्रजी भाषांतरकाराला हा क्षण सरळ साधनांनी देता येत नाही. त्याची भाषा ती पायरी गमावून बसली आहे. ज्याने 'फेद्र' मुळात वाचले आहे, तो 'किंग लिअर'कडे परत येतो तेव्हा त्याचा कान तयार झालेला असतो. हा सांधा होय. येथे फ्रेंच ही इंग्रजीची शेजारीण राहत नाही; ती इंग्रजी वाचण्याचे साधन होते.

या विषयाचे शास्त्रीय विवेचन रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली केले. या सर्वनामांमागे सत्ता आणि सलगी अशी दोन तत्त्वे असतात, हे त्यांनी अनेक युरोपीय भाषांच्या आधारे दाखविले. त्यांनीच १९८९ मध्ये शेक्सपिअरच्या चार शोकांतिकांतील सौजन्याच्या भाषेचाही अभ्यास प्रसिद्ध केला. तौलनिक भाषाभ्यासातून इंग्रजी नाटकाकडे जाणारी वाट त्यांनी स्वतः चालून दाखविली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मराठी वाचकाला या बाबतीत फ्रेंचपर्यंत जाण्याचीही गरज नाही. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' अशा तीन पायऱ्या त्याच्या घरातच आहेत. परंतु येथे एक धोका आहे आणि तो अभ्यासकाने ओळखला पाहिजे. दोन भाषांत भेद असला म्हणजे तो एकाच ठिकाणी असतो असे नाही. 'हॅम्लेट'मधील आई व मुलगा यांच्या भेटीचा प्रवेश घ्या. गर्ट्रूड मुलाला 'दाऊ' म्हणून त्याच्या अपराधाबद्दल बोल लावते. तो तेच वाक्य तिच्यावर उलटवितो, पण 'यू' वापरून. त्यानंतरच्या वाक्यात आईही 'यू'वर येते. पुढे जिवाची भीती वाटते तेव्हा ती पुन्हा 'दाऊ' म्हणते. त्या काळच्या कुलीन घरात मुलाने आईला 'यू' म्हणणे ही रीतच होती. म्हणून हॅम्लेटच्या सर्वनामात विशेष काही नाही. विशेष आहे ते आईच्या माघारीत. तिने पुढे केलेला मायेचा हात तिनेच मागे घेतला आहे.

आता हे मराठीत आणा. आपल्या बहुतेक घरांत वडिलांना 'तुम्ही' म्हणण्याची रूढी दीर्घकाळ होती, पण आईला मात्र 'तू'. म्हणून हॅम्लेटच्या तोंडी 'तुम्ही' घातले की मराठी प्रेक्षकाला मुलाच्या शब्दांत तुटलेपणा जाणवतो आणि साऱ्या प्रसंगाचा भार आईवरून मुलाकडे सरकतो. 'तू' घातले तर दोघे सारखेच जवळ येतात आणि आईची माघार कोठून झाली हेच कळत नाही. राजघराण्याची रीत धरून 'आईसाहेब, आपण' असे केले तर मुलाचे सर्वनाम योग्य जागी बसते. पण मग तो राजवाडा मराठी सरदाराचा होतो. यांपैकी कोणताही मार्ग निर्दोष नाही. वर्गात हा प्रवेश मराठीत उतरवून आणावयास सांगितले, तर विद्यार्थी याच प्रश्नावर तासभर वाद घालतात. इंग्रजीचे विद्यार्थी तो प्रवेश पूर्वी परीक्षेसाठी वाचून आलेले असतात आणि आईच्या सर्वनामाकडे त्यांचे लक्ष त्या दिवशी प्रथमच जाते. भाषांतराने त्यांना मूळ वाचावयास लावलेले असते.

दुसरे उदाहरण कादंबरीतील आहे. पात्राच्या मनातील विचार, 'असे त्याला वाटले' यासारखी कोणतीही खूण न ठेवता, निवेदकाच्या वाक्यात मिसळून देण्याची एक पद्धत आहे. जेन ऑस्टिनने 'एमा' (१८१५) या कादंबरीत तिचा विपुल उपयोग केला. परंतु इंग्रजी समीक्षेजवळ तिला रूढ नाव नव्हते. ते नाव, मुक्त अप्रत्यक्ष शैली, १९१२ साली जिनीव्हाचे भाषाशास्त्रज्ञ शार्ल बाली यांनी फ्रेंच व्याकरणाच्या विवेचनात दिले. १९२१ मध्ये एटिएन लॉर्क यांनी तिच्यासाठी जर्मन संज्ञा प्रचारात आणली. इंग्रजी कादंबरीत शतकभर चालू असलेली गोष्ट ओळखून तिचे नामकरण व्हावयास फ्रेंच व जर्मनचे अभ्यासक लागले. फ्रेंचमध्ये अपूर्ण भूतकाळाचे रूप वेगळे असल्यामुळे ती डोळ्यांत भरते. इंग्रजीचा साधा भूतकाळ ती झाकून ठेवतो, हे याचे एक कारण असावे.

हा केवळ व्याकरणाचा सूक्ष्म मुद्दा नव्हे. १८५७ साली पॅरिसमध्ये फ्लोबेरवर 'मादाम बोव्हारी'बद्दल खटला भरला गेला. सरकारी वकिलाने आक्षेप घेतलेल्या वाक्यांत, परपुरुषाचे प्रेम लाभल्याने नायिकेला झालेल्या आनंदाचे वर्णन होते. त्याने ती वाक्ये लेखकाची समजून व्यभिचाराचे गौरवगान ठरविली. वस्तुतः ती नायिकेच्या मनातील होती. फ्लोबेर निर्दोष सुटला. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ साली या खटल्याकडे लक्ष वेधले आणि नव्या लेखनपद्धतीमुळे वाचकांच्या अपेक्षांना कसा धक्का बसतो, याचे उदाहरण म्हणून त्याचे विवेचन केले. वाक्य कोणाचे, हे न कळल्याने लेखकाला आरोपीच्या पिंजऱ्यापर्यंत जावे लागते, याहून भाषेच्या अभ्यासाचे समर्थन अधिक कोणते हवे?

मराठीत हीच गोष्ट कशी साधते? मराठी वाक्यात सांगितलेल्या बोलण्याचा काळ इंग्रजीप्रमाणे मागे सरकत नाही. 'तो म्हणाला की, मी उद्या येईन' असे आपण सहज लिहितो. म्हणून काळाच्या आधारे निवेदक व पात्र यांची सरमिसळ करण्याची इंग्रजी युक्ती येथे तशीच चालत नाही. मराठीने हे काम एका सर्वनामाकडे दिले आहे. 'ती खिडकीपाशी उभी राहिली. आपण येथे का आलो? आपल्याला कोणी बोलावले होते?' येथे दुसरे व तिसरे वाक्य निवेदकाचे नाही आणि अवतरणातील भाषणही नाही. ते तिचे आहे, हे 'आपण' सांगते. आदराचे 'आपण', समावेशक बहुवचनाचे 'आपण' आणि मनोगताचे 'आपण' हे तिन्ही एकाच रूपात नांदतात, आणि तिसऱ्याकडे आपल्या व्याकरणांनी जितके द्यावयास हवे तितके लक्ष दिलेले नाही. ऑस्टिन किंवा फ्लोबेर शेजारी ठेवून मराठी कादंबरी वाचली, तर हे 'आपण' नजरेत येते. एकटी वाचली तर ते इतके परिचयाचे आहे की दिसतच नाही. म्हणजे जोड-अभ्यासाचा लाभ एकाच दिशेने होत नाही. फ्रेंच इंग्रजीला उजळते आणि इंग्रजी मराठीला.

आपल्याकडे हा सांधा जुळण्यास परिस्थिती अनुकूल होती, पण विद्यापीठीय रचना प्रतिकूल ठरली. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. काही वर्षांतच उच्च परीक्षांतून देशी भाषा मागे पडल्या. त्यांना परत जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेटाने प्रयत्न केले आणि एम. ए. परीक्षेत मराठीचा प्रवेश व्हावयास विसावे शतक उजाडावे लागले. मराठी आली ती अशा रीतीने, उशिरा आणि स्वतंत्र दाराने. इंग्रजीचा विभाग आणि मराठीचा विभाग यांचे वेगळे संसार तेव्हापासून सुरू झाले.

लेखकांनी मात्र हे दार मानले नाही. गोपाळ गणेश आगरकरांनी 'विकारविलसित' या नावाने 'हॅम्लेट' मराठीत आणले. गोविंद बल्लाळ देवलांनी 'झुंझारराव'मध्ये 'ऑथेल्लो'ला मराठी रंगभूमीवर उभे केले. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक होते. ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र (१९५७), गटेचा 'फाउस्ट' (१९६५) आणि 'राजा लिअर' (१९७४) ही त्यांची भाषांतरे, प्राध्यापकाचा व्यवसाय आणि कवीची भाषा यांचा सांधा एका माणसाने स्वतःपुरता कसा जुळविला, याची साक्ष देतात. भालचंद्र नेमाडे यांनी भाषाशास्त्र व इंग्रजी या दोन्ही विषयांत एम. ए. केले आहे. परंतु कर्तबगार व्यक्तींनी स्वतःच्या बळावर जे साधले, ते सामान्य विद्यार्थ्याला अभ्यासक्रमातून मिळावे, हे विद्यापीठाचे काम आहे. १९५६ साली जादवपूरला बुद्धदेव बसू यांच्या नेतृत्वाखाली तौलनिक वाङ्मयाचा स्वतंत्र विभाग निघाला, तो या जाणिवेतूनच.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० अन्वये मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घेण्याची सोय पदवी अभ्यासक्रमात आली आहे. इंग्रजी मुख्य आणि मराठी, फ्रेंच किंवा जर्मन दुय्यम, अशी निवड कागदावर शक्य झाली आहे. ही संधी आहे. पण दोन विषयांचे श्रेयांक एका गुणपत्रिकेवर आले म्हणजे सांधा झाला असे समजले गेले, तर ती वाया जाईल.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, परभाषा नव्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तिचे वाङ्मय वाचण्याइतकी भाषा येणार कधी? याचे उत्तर असे की, वरील दोन्ही उदाहरणांना लागणारे व्याकरण, सर्वनामे व भूतकाळाची रूपे, कोणत्याही भाषेच्या आरंभीच्या पाठांतच येते. एक प्रवेश किंवा एक परिच्छेद मुळातून वाचण्यासाठी संपूर्ण भाषेवर प्रभुत्व लागत नाही. चांगला शिक्षक व शब्दकोश पुरतो. शिवाय मराठी विद्यार्थ्याने मराठीच निवडली तर हा आक्षेप उरतच नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वाङ्मयाची गोडी सर्वनामांच्या मोजदादीत हरवेल, असे काही सहकाऱ्यांना वाटते. नुसती मोजदाद केली तर ते खरे ठरेल. परंतु लिअरचे सर्वनाम कोठे बदलले, हे दाखविणे म्हणजे त्याच्या क्रोधाची घटका दाखविणे होय. ज्या रसिकतेला ती घटका कळत नाही, तिला आपण रसिकता का म्हणावे?

म्हणून सूचना मर्यादित आहे. इंग्रजी व दुसरी आधुनिक भाषा घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी एक प्रश्नपत्रिका अशी असावी की, जी दोन्ही विभागांच्या अध्यापकांनी मिळून काढावी, मिळून शिकवावी आणि मिळून तपासावी. तीत तीन गोष्टी असाव्यात : इंग्रजीतील एक उतारा व त्याची दोन भिन्न भाषांतरे यांचे परीक्षण, दोन भाषांतील समान प्रसंगांची, व्याकरणाच्या आधारे, तुलना, आणि विद्यार्थ्याने स्वतः केलेले भाषांतर, ज्याच्याखाली काय साधले नाही व का साधले नाही याची टिपणे जोडलेली असतील. गुण भाषांतराच्या सफाईला कमी आणि टिपणांना अधिक द्यावेत. यासाठी नवा विभाग नको आणि नवी इमारतही नको. आठवड्यातून दोन तास दोन अध्यापकांनी एका वर्गात बसण्याची तयारी मात्र हवी. गर्ट्रूडने मुलाला दिलेली माया कोणत्या शब्दात परत घेतली, याचे उत्तर त्या वर्गात इंग्रजीचा अध्यापक एकटा देऊ शकणार नाही, आणि मराठीचाही एकटा देऊ शकणार नाही.